नोकरी सांभाळून दुसरे काम
लेखमाला : पगारदाराचा हिशेब (लेखांक 6)

पूर्णवेळ नोकरी सांभाळून, उरलेल्या वेळात सवडीने केलेले मिळकतीचे काम महाराष्ट्राला नवे नाही. आयुर्विम्याची एजन्सी, शनिवार-रविवारचे पौरोहित्य, दोन-चार दुकानदारांचे हिशेब लिहिणे, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी यांवर कित्येक घरांचे हप्ते फिटले आहेत. गेल्या काही वर्षांत त्यात भाषांतर, डिझाइन, कोडिंग, ऑनलाइन शिकवणी आणि अ‍ॅपवरून मिळणारी डिलिव्हरी यांची भर पडली. कामांइतकाच एक बदल महत्त्वाचा आहे. पूर्वी हा पैसा बहुधा रोखीत येई आणि घरातच राही. आता तो बँक खाते, पॅन आणि करखात्याच्या नोंदींतून येतो. त्यामुळे परवानगी आणि कर हे दोन्ही प्रश्न पहिल्या कमाईबरोबरच उभे राहतात.

परवानगीचे उत्तर बहुतेक वेळा नियुक्तिपत्रातच असते. ‘कर्मचारी आपला संपूर्ण वेळ व लक्ष कंपनीच्या कामाला देईल आणि लेखी संमतीशिवाय अन्य कोणतेही काम स्वीकारणार नाही’ अशा अर्थाचे कलम खासगी कंपन्यांत सर्रास आढळते. ऑफिस सुटल्यानंतरचा वेळ आपला, त्यावर कंपनीचा काय हक्क, असा सवाल केला जातो आणि तो रास्तही आहे. करार कायदा 1872 च्या कलम 27 नुसार व्यवसाय करण्यावर बंधन घालणारा करार रद्दबातल ठरतो, हा त्याला जोडून येणारा युक्तिवाद. मात्र नोकरी चालू असतानाच्या बंधनांबाबत न्यायालयांनी वेगळी भूमिका घेतली आहे, आणि त्यातला मार्गदर्शक निकाल कल्याणच्या एका कारखान्यावरून आलेला आहे.

सेंच्युरी कंपनीच्या कल्याण येथील कारखान्यात टायरसाठी लागणारा धागा परदेशी तंत्रज्ञानाने तयार होत असे. त्या तंत्रज्ञानाची गुप्तता राखण्याची जबाबदारी कंपनीवर होती. निरंजन शंकर गोलिकरी यांनी 1963 मध्ये तेथे शिफ्ट सुपरवायझर म्हणून पाच वर्षांचा करार केला, प्रशिक्षण घेतले आणि 1964 मध्ये जादा पगारावर कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेले. कंपनीने मनाईहुकूम मागितला. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल देताना म्हटले, की कराराच्या मुदतीत दुसऱ्याकडे काम न करण्याची अट सर्वसाधारणपणे व्यवसायावरील बंधन ठरत नाही. ती अवाजवी कठोर किंवा एकतर्फी असेल तर गोष्ट निराळी. नोकरी सोडल्यानंतरही लागू राहणारी बंधने मात्र न्यायालये सहसा मान्य करत नाहीत. नोकरीत असताना जोडकाम करू पाहणाऱ्याची बाजू म्हणूनच नोकरी सोडून गेलेल्यापेक्षा कमकुवत असते.

2022 मध्ये माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात हा वाद ‘मूनलायटिंग’ या नावाने पेटला. विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी ऑगस्टमध्ये या प्रकाराला उघड फसवणूक म्हटले आणि सप्टेंबरमध्ये, प्रतिस्पर्ध्यांसाठी काम करताना आढळलेल्या 300 जणांना काढल्याचे सांगितले. त्याच ऑगस्टमध्ये स्विगीने आपल्या कर्मचाऱ्यांना अटींसह बाहेरच्या कामाची मुभा दिली होती. इन्फोसिसनेही आधी कडक इशारा देऊन ऑक्टोबरमध्ये पूर्वसंमतीने बाहेरचे काम करण्याची वाट ठेवली. तिन्ही भूमिका शेजारी ठेवल्या तर खरा आक्षेप कोणत्या कामाला आहे ते कळते. प्रतिस्पर्ध्याचे काम, कंपनीच्या गिऱ्हाइकाचे परस्पर घेतलेले काम आणि कामाच्या तासांत उरकलेले काम यांचा बचाव करता येत नाही. बँकेतल्या माणसाने रविवारी तबला शिकवला तर कोणत्याच मालकाचे काही बिघडत नाही. तरीही संमती न देणारे मालक आहेत, आणि तो हट्ट अनाठायी आहे.

कारखान्यातील कामगारांसाठी नियम अधिक स्पष्ट आहे आणि त्यामागचे कारणही. 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 60 नुसार, एका कारखान्यात काम केलेल्या प्रौढ कामगाराला त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात काम करू देता येत नसे. नव्या कामगार संहितांनी हे तत्त्व कायम ठेवले असून आधीच्या 12 तासांत अशाच दुसऱ्या आस्थापनेत काम केलेल्या कामगाराला कारखान्यात वा खाणीत घेण्यास मनाई केली आहे. यंत्रावर थकून उभा राहिलेला कामगार हात गमावतो, हे त्यामागचे साधे सत्य आहे.

सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1979 लागू होतात. पूर्वमंजुरीशिवाय खासगी व्यापार वा नोकरी करता येत नाही. मानसेवी सामाजिक काम आणि प्रासंगिक साहित्यिक, कलात्मक वा शास्त्रीय काम यांना मोकळीक आहे. पत्नीच्या विमा एजन्सीसाठी कार्यालयातल्या सहकाऱ्यांकडे शब्द टाकणे हासुद्धा नियमभंग ठरतो, हे अनेकांच्या गावीही नसते. शिक्षकांना तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 ने खासगी शिकवणीस साफ मनाई केली आहे.

एक धोका लेखन, डिझाइन आणि कोडिंग करणाऱ्यांना आहे. प्रताधिकार कायदा 1957 नुसार नोकरीच्या ओघात निर्माण झालेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नियोक्ता असतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर रात्री केलेले काम नोकरीच्या ओघातले नव्हते, हे सिद्ध करणे फार जड जाते. लॅपटॉप, ईमेल आणि इंटरनेट स्वतःचे वापरावे.

आता पैशाकडे. समजा, डोंबिवलीतला एक कर्मचारी रात्री आठ ते अकरा दुचाकीवर डिलिव्हरी करतो आणि त्याला 450 रुपये मिळतात. पेट्रोलचे 100 आणि गाडीची झीज, मोबाइल यांचे 50 वजा जाता 300 उरतात. शेवटच्या ऑर्डरीवरून घरी परतणे आणि जेवणाचा खोळंबा धरला तर वेळ चार तासांचा होतो. म्हणजे तासाला 75 रुपये. शिवाय खासगी वापराच्या विमा पॉलिसीत मोबदल्यासाठीचा वापर सहसा वगळलेला असतो, त्यामुळे अपघातात दावा नाकारला जाऊ शकतो. सकाळी पुन्हा लोकल पकडणाऱ्याला हा व्यवहार परवडतो असे म्हणणे कठीण आहे. तीच व्यक्ती घरी बसून आठवड्यातून दोन संध्याकाळ एखाद्या दुकानाचे जीएसटीचे हिशेब सांभाळत असेल, तर मोबदला कमी दिसला तरी बहुतेक सगळा हातात राहतो.

करात सर्वाधिक घोटाळा होतो तो दोन ठिकाणी पगारावर राहणाऱ्यांचा. दोन्ही मालक आपापल्या पगारातून प्रमाणित वजावट आणि कमी दराच्या टप्प्यांचा लाभ स्वतंत्रपणे देतात. त्यामुळे वर्षभर टीडीएस कमी कापला जातो आणि विवरणपत्र भरताना व्याजासह मोठी रक्कम समोर येते. दोन्हीकडे भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर यूएएन एकच असल्याने दुसरी नोकरी लपतही नाही. मानधनावरचे काम वेगळे: ते व्यवसायाचे उत्पन्न ठरते, ‘सहज’ फॉर्म चालत नाही आणि खर्चाची वजावट मिळते. तांत्रिक सल्ला, लेखाकर्म यांसारख्या ठरावीक व्यवसायांना जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न मानून कर भरण्याची सोय आहे. विमा कमिशनला ती नाही. टीडीएस वजा जाता देय कर 10,000 रुपये किंवा अधिक असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. सेवांवरील जीएसटी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात वर्षाला 20 लाख असल्याने बहुतेकांना तिची चिंता नसते.

हे सारे जुळत असेल तर संमतीचा अर्ज छोटाच असावा: काम कोणते, कोणासाठी, आठवड्याला किती तास, आणि ते कंपनीच्या व्यवसायाशी स्पर्धा करत नाही, एवढे पुरे. मिळकतीचा आकडा देण्याची गरज नाही. साहेबांनी तोंडी दिलेला होकार त्यांच्या बदलीनंतर कोणी मानत नाही. म्हणून पहिले काम हाती घेण्यापूर्वीच संमतीचा ईमेल मिळवावा आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवावी.