डीबी किती येऊन राहिला?

दारात चपला काढता काढताच लाइनमन खोलीभर नजर फिरवतो आणि विचारतो, "कूलर याच बोर्डावर लावला का जी?" इंटरनेटची तक्रार केलेल्या माणसाला हा प्रश्न चमत्कारिक वाटतो. त्याला राऊटर बदलून हवा असतो. नेट जातं, येतं, मुलाचा ऑनलाइन पेपर अर्ध्यात अडकतो, आणि समोर दिसणारी वस्तू म्हणजे टीव्हीशेजारी दिवे मिचकावत बसलेला तो डबा. मग दोष त्याचाच.

चंद्रपूरच्या तुकूम भागात कनेक्शनं सांभाळणाऱ्या अशा एका लाइनमनच्या मागं मी या उन्हाळ्यात काही संध्याकाळी फिरलो. माझ्याच घरचं नेट दिवेलागणीला हटकून पडायचं, त्या निमित्तानं ओळख झाली. पाठीवरच्या बॅगेत पक्कड, स्पिरिटची बाटली, पिवळा पॉवर मीटर, मल्टिमीटर आणि एक जुना पण खात्रीचा अडॅप्टर. हा अडॅप्टर त्याचं सगळ्यात मोठं हत्यार आहे, हे समजायला मला थोडा वेळ लागला.

विदर्भात कूलर होळीनंतर खिडकीत चढतो तो मृगाचा पाऊस लागल्यावरच उतरतो. त्याचा पंखा आणि पाण्याची मोटर ज्या एक्स्टेन्शन बोर्डावर असते, त्याच बोर्डाच्या उरलेल्या भोकात बहुतेक घरी राऊटर लावलेला असतो. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. बोर्डातल्या पट्ट्या सैल झालेल्या असल्या की त्या क्षणी व्होल्टेज खाली बसतं. दिवा जरासा मंद होतो, आपल्या लक्षातही येत नाही. राऊटर मात्र बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि त्याला परत जुळायला दोन-तीन मिनिटं लागतात. घरातल्यांच्या लेखी "नेट गेलं".

अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट चालतं असं छापलेलं असतं, मग एवढ्या झोळानं काय बिघडतं? नवा असताना काहीच नाही. आतला कपॅसिटर थोडी वीज साठवून असले झटके पचवतो. पण तो असतो द्रवाचा, आणि उष्णतेनं सुकतो. इलेक्ट्रॉनिक्समधला ढोबळ नियम असा की दर दहा अंश तापमानवाढीला कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. घरगुती राऊटरच्या माहितीपत्रकात कामाचं तापमान बहुधा ० ते ४० अंश सेल्सिअस दिलेलं असतं. चंद्रपुरात मे महिन्यात बाहेरचा पारा पंचेचाळिसाच्या पुढं जाणं ही बातमी राहिलेली नाही. टिनाच्या छताखाली, बंद शोकेसमध्ये, सेट-टॉप बॉक्सच्या तापलेल्या पाठीवर ठेवलेला राऊटर चार महिने आपल्या छापील मर्यादेबाहेरच जगत असतो. मग अडॅप्टर मेला तरी कळत नाही, कारण तो पूर्ण मरत नाही. मल्टिमीटर लावला तर बरोबर १२ व्होल्ट दाखवतो. राऊटरचा भार आला, वायफाय जोरात चाललं की खाली येतो. म्हणून आमचा लाइनमन आकड्यावर विसंबत नाही. बॅगेतला खात्रीचा अडॅप्टर काढून लावतो, प्लग कूलरपासून दूर भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसतो, म्हणतो, "उद्या संध्याकाळपर्यंत पाहा. गेलं तर फोन करा." बहुतेकांचा फोन येत नाही.

देशातल्या मोठ्या औष्णिक केंद्रांपैकी एक, २९२० मेगावॅट क्षमतेचं, याच शहराला खेटून धूर सोडतं. त्याच्या सावलीत राहून लोकांनी व्होल्टेजच्या झोळाचा हिशेब ठेवावा, हा विनोद चंद्रपूरकरांना आता सांगावासाही वाटत नाही.

कूलरचा आणखी एक गुन्हा आहे. पत्र्याची पेटी आणि तिच्यातलं पाणी, दोन्ही वायफायचे वैरी. पत्रा लहरी परतवतो, पाणी शोषतं. राऊटर कूलरच्या मागच्या कोनाड्यात आणि माणूस कूलरसमोर खाटेवर, अशी मांडणी असली की मोबाइलवर दोन काड्या आणि शिव्या इंटरनेट कंपनीला. जुन्या शहरात, जटपुरा गेटच्या आत, मातीच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती आहेत. तिथं ५ गिगाहर्ट्‌झचा वेगवान बँड एका खोलीच्या पलीकडं जात नाही. २.४ जातो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. दाटीच्या गल्लीत आठ-दहा घरांचे राऊटर त्या तीन चॅनेलांत कोंबलेले असतात.

तरी वायफायवर संशय घेण्याआधी तो एक साधी चाचणी करतो. शिस्त एकच : संशयाचा पल्ला दरवेळी अर्ध्यातून कापायचा. शेजारी चालू आहे का? चालू असेल तर गल्लीपर्यंतची लाइन निर्दोष. डब्यावरचा 'पॉन' दिवा स्थिर हिरवा आहे, 'लॉस'चा लाल दिवा पेटलेला नाही? मग फायबरमधून येणारा प्रकाश घरात पोचतोय. आता लॅपटॉपला वायर लावायची आणि दोन पिंग, म्हणजे उत्तर येतं का ते पाहणाऱ्या हाका, शेजारी शेजारी सुरू ठेवायचे, एक राऊटरला, १९२.१६८.१.१ वर, आणि दुसरा बाहेर, गुगलच्या ८.८.८.८ वर. राऊटर नियमित उत्तर देतोय आणि बाहेरचा अडखळतोय, तर दोष बाहेर. वायरवर दोन्ही ठीक आणि वायर काढून वायफायवर आलं की पहिलाच अडखळतोय, तर दोष खोलीतल्या हवेत. या दहा मिनिटांत निम्म्या तक्रारींतून राऊटर निर्दोष सुटतो. एवढं सहसा कुणी करत नाही, याला कारण आहे. दिवसाला ठराविक तक्रारी मिटवायच्या असतात, आणि डबा बदलला की ग्राहक लगेच शांत होतो. नवा डबा नव्या अडॅप्टरसह येतो, त्यामुळे नेटही सुरळीत होतं. जुना डबा भंगारात, बिचारा निष्कारण.

तक्रार मिटली की त्याला कंपनीच्या ॲपमध्ये कारण निवडावं लागतं. यादीत 'राऊटर बदलला' आहे, 'वायर बदलली' आहे, 'ग्राहक घरी नाही' आहे. कूलर नाही. तो काहीतरी निवडतो आणि गाडीला किक मारतो.

दोष बाहेर निघाला की खरं काम सुरू होतं. राऊटरमागचा फायबरचा हिरवा कनेक्टर काढून तो पॉवर मीटरमध्ये खुपसतो आणि ऑफिसातला माणूस फोनवर विचारतो, "डीबी किती येऊन राहिला?" डीबी म्हणजे घरी पोचलेल्या प्रकाशाचं माप. उणे एकोणीस म्हणजे उत्तम. उणे सत्तावीस म्हणजे कडेलोट. तिथून पुढं राऊटरला प्रकाश दिसेनासा होतो. या आकड्यात दर तिनाला प्रकाश निम्मा होतो. ऑफिसातून अधिक ३ ने निघालेला प्रकाश घरी उणे २० ने पोचला, तर दोनशेतला एक हिस्सा उरला. यातला मोठा वाटा चोरीचा नाही, वाटणीचा आहे. खांबावरच्या डबीत एक तार आठ घरांत विभागली की तिथंच साधारण दहा डीबी खर्ची पडतात. फायबरच्या लांबीनं होणारी घट त्यापुढं किरकोळ, किलोमीटरला अर्ध्या डीबीहूनही कमी. म्हणून मीटरवर अचानक पाच-सहा डीबीची तूट दिसली की ती अंतराची नसते. कुठंतरी घडी पडलीय, कनेक्टर मळलाय किंवा जॉइंट उसवलाय.

एका घरी दुपारी आकडा उणे २७ आणि रात्री २२ येत होता. लाइनमननं लाल लेझरची पेन काढली, फायबरच्या टोकाला लावली आणि बाहेर जाऊन वायरीवर बोट फिरवत चालत राहिला. खिडकीच्या चौकटीत वायर लाल उजळली होती. दुपारी ऊन आत येऊ नये म्हणून घरातली आजी खिडकी घट्ट ओढायची, पल्ला वायरीवर बसायचा, काचेच्या तंतूला घडी पडायची आणि प्रकाश तिथूनच गळायचा. रात्री वाऱ्याला खिडकी उघडली की नेट सुसाट. "आजी, खिडकी लावत जा, पन वायर सोडून," एवढं म्हणून त्यानं चौकटीला वरून भोक पाडलं.

तुटलेली तार जोडताना मात्र त्याची बडबड थांबते. प्लास्टिकची बाही आधी तारेवर चढवायची; ती विसरली की सगळं पुन्हा करावं लागतं, आणि नवखे हमखास विसरतात. मग वरचं आवरण सोलायचं, स्पिरिटनं पुसायचं, क्लीव्हरनं टोक काटकोनात कापायचं. उरते ती १२५ मायक्रॉनची काच, आणि प्रकाश वाहून नेणारा तिचा गाभा फक्त ९ मायक्रॉनचा. दोन टोकं जोडणाऱ्या मशीनच्या खाचेत ठेवली की पडद्यावर ती मोठी होऊन दिसतात, मशीन स्वतःच त्यांना समोरासमोर आणतं, ठिणगी पडते आणि काच वितळून एक होते. पडद्यावर घट उमटते, ०.०२ डीबी. कापलेले तुकडे तो चिकटपट्टीवर गोळा करतो, कारण एखादा बोटात शिरला तर तो दिसतही नाही आणि निघतही नाही. घुग्घुस, पडोलीकडं पुसण्याचं काम दोनदा करावं लागतं. कोळशाची धूळ तिथं दाराआडही येऊन बसते, आणि ९ मायक्रॉनच्या गाभ्यावर धुळीचा एक कण म्हणजे रस्त्यात आडवा पडलेला वृक्ष.

बाहेरच्या दोषांत वांदरांचा वाटा मोठा. छतावरून छतावर जाताना टोळी वायरीला लोंबकळते, आणि जॉइंट तिच्या वजनाचा विचार करून केलेला नसतो. खारी, उंदीर कुरतडतात ते वेगळं. दुर्गापूर, ऊर्जानगरकडच्या तक्रारी तो उजेड असेतोच घेतो. २०२२ मध्ये त्या बाजूला वाघ-बिबट्यानं माणसं मारली, तेव्हापासून अंधारात शिडीवर चढायला कुणी तयार नाही.

तरी फायबरनं एक मोठी कटकट मिटवली. आधीचा काळ छतावरच्या लॅन केबलचा होता. त्या वायरीची मर्यादा शंभर मीटर, म्हणून दर काही घरांनंतर कुणाच्या तरी गच्चीवर स्विचची पेटी, आणि तिला वीज त्याच घरातून. ते कुटुंब उन्हाळ्याच्या सुटीत मेन स्विच पाडून मामाच्या गावाला गेलं की पुढची सगळी गल्ली अंधारात. शिवाय तांब्याची तार म्हणजे विजेला आमंत्रण. मृगाच्या पहिल्या कडकडाटात अख्ख्या ओळीचे स्विच आणि राऊटरचे पोर्ट जळायचे. काचेतून वीज येत नाही. पण अडॅप्टरच्या वाटेनं अजूनही येते, म्हणून गडगडाट ऐकू आला की प्लग काढणं हे फायबरवाल्यांनाही चुकलेलं नाही.

गडचिरोलीत हे सगळं गणितच बदलतं. तिथं घरातला दोष शोधण्याइतकी चैन सहसा नसते. दोष शंभर किलोमीटरच्या रस्त्यात कुठंही असतो. आलापल्लीहून भामरागडकडं जाणारी तार रस्त्याकडेनं जाते, आणि रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीला जमिनीखालचं काही दिसत नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो, मग तार तुटली तरी जोडणारा माणूस पोचणार कसा? ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला केंद्रानं २०११ मध्ये मंजुरी दिली, पुढं तिचं नाव भारतनेट झालं. तार गावात येऊन थांबते ती पंचायतीच्या कपाटातल्या पेटीत. कार्यालयाला कुलूप लागलं आणि मेन स्विच पाडला की ती पेटीही झोपते. अहेरीकडच्या एका सेवा केंद्राचा चालक म्हणाला, "आमचा राऊटर कधीच खराब होत नाही साहेब. त्याले चालाची संधीच कुठं भेटते?" धान विक्रीची नोंदणी, दाखले, सातबारा, सगळं ऑनलाइन, म्हणून रांगेतली माणसं त्याच्या पडद्याकडं बघत बसलेली, आणि तो एका खिशात एका कंपनीचं, दुसऱ्या खिशात दुसऱ्या कंपनीचं सिम घेऊन काड्या मोजत असतो.

आता आकाशातून इंटरनेट येणार आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात सुरुवातीच्या जिल्ह्यांमध्ये गडचिरोलीचं नाव आहे. जेसीबी, पूर, वांदरं, सगळ्यांच्या डोक्यावरून जाणारा हा मार्ग दुर्गम गावांसाठी खरोखर मोलाचा आहे, त्याची टिंगल मी करणार नाही. पण आपला घरगुती राऊटर जेमतेम बारा वॅटवर चालतो, स्टारलिंकची छतावरची डिश पाऊणशे ते शंभर वॅट खाते. जिथं वीज तासन्‌तास नसते तिथं तिला बॅटरी लागेल, बॅटरीला चार्जर, आणि चार्जरचा प्लग जाणार कुठल्यातरी बोर्डाच्या उरलेल्या भोकात. तुकूमच्या आमच्या लाइनमनला हे सांगितलं तर तो बॅगेची चेन लावत म्हणाला, "मंग पॉवर मीटर घरी ठेवता येईल. मल्टिमीटर नाही."