मुंढा लहान, हात मोकळा

हात मोकळेपणी हलावा म्हणून बाहीचा मुंढा मोठा ठेवायचा, असं आपल्याला सहज वाटतं. खरं तर उलट आहे. मुंढा जेवढा लहान आणि काखेला जेवढा भिडलेला, तेवढा हात मोकळा. तो खाली सैल सोडला, तर हात वर करताच बाही अख्ख्या ब्लाउजला ओढून वर नेते. आपल्या अंगरख्याने हा पेच काखेत वेगळा चौकोनी तुकडा बसवून सोडवला. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या शिंप्यांनी मुंढा आवळला, खांद्याची शिवण पाठीकडे सरकवली, बगलेखालची शिवणही मागे नेली. म्हणून त्या अंगाबरोबर शिवलेल्या कपड्यांतही बायका घोड्यावर बसत, टेनिस खेळत.

ही गोष्ट नुसते फोटो पाहून कळत नाही. ती कळते कापड बेतल्यावर, मांजरपाटावर कच्चा टाका घालून तो सांगाडा अंगावर चढवल्यावर. व्हिक्टोरियन आणि त्यानंतरच्या एडवर्डच्या काळातले कपडे असे शिवून समजून घेण्याची हौस आज जगभर आहे. या मंडळींच्या हाताशी हमखास असतं ते जॅनेट आर्नल्ड यांचं ‘पॅटर्न्स ऑफ फॅशन’. आर्नल्डबाईंनी संग्रहालयांतल्या खऱ्या कपड्यांची शिवण न् शिवण मोजली आणि प्रत्येक तुकडा चौकटीच्या कागदावर उतरवला. १९६० च्या दशकात ही पुस्तकं येऊ लागली, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या शिंप्याने कात्री कुठून फिरवली ते घरबसल्या दिसू लागलं.

नागपूरकराला ही हौस परकी वाटू नये, असं मला मनापासून वाटतं. कारण त्या कपड्यांच्या गोष्टीचा एक धागा आपल्याच मातीतून निघालेला आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या तोंडावर पडल्या. मग सगळ्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. इकडचा कापूस आखूड धाग्याचा, यंत्रावर तुटणारा. तरी तो वापरून गिरण्या चालवल्या गेल्या. मध्य भारतातल्या देशी वाणांत हिंगणघाटच्या कापसाची प्रत वरची मानली जाई, आणि त्या गावाच्या नावानेच तो विलायतेच्या बाजारात ओळखला जाई. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि गाठी थेट मुंबईच्या बंदराकडे जाऊ लागल्या.

मग जमशेटजी टाटांनी ठरवलं, कापूस जिथे पिकतो तिथेच सूत निघालं पाहिजे. १८७४ मध्ये कंपनी उभी राहिली. जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळची, दलदलीची जागा भरून घेतली गेली, आणि १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला ‘कैसर-ए-हिंद’ जाहीर करण्यात आलं. म्हणून गिरणीचं नाव पडलं एम्प्रेस, म्हणजे सम्राज्ञी, मिल. आपल्याकडच्या कोरड्या हवेत सूत पटापट तुटतं, म्हणून तिथे हवेत ओलावा सोडणारी यंत्रं बसवली. रिंग स्पिंडल हा सूतकताईचा प्रकार अजून नवा होता, तेव्हा जमशेटजींनी तो नागपुरात वापरून पाहिला. आज त्या जागेवर मॉल आहे. तिथून जाताना एवढं आठवावं, की राणीच्या पदवीचं नाव घेतलेली ही गिरणी आपल्याच शेतांतला कापूस पिंजत होती.

आता त्या कपड्यांच्या आत डोकावू. खरी मौज आतच आहे.

व्हिक्टोरियन बॉडिस, म्हणजे कमरेपर्यंतचा घट्ट पोशाख, उलटा करून पाहिला तर तो कपड्यापेक्षा बांधकाम वाटतो. बाहेरच्या रेशमाचा प्रत्येक तुकडा आधी सुती अस्तराच्या तेवढ्याच तुकड्यावर ठेवायचा, दोन्ही मिळून एकच कापड समजायचं आणि मगच शिवायचं. त्यामुळे नाजूक रेशमावर ताण येत नाही, सगळा भार सुती अस्तर झेलतं. आत भरपूर मार्जिन सोडलेलं असतं, कारण अंग वाढलं की शिवण उसवून कपडा सैल करायचा आणि एकच झगा वर्षानुवर्षं वापरायचा. शिवणींवर अरुंद पट्ट्यांचे खिसे शिवलेले असतात आणि त्यांत व्हेलच्या तोंडातल्या लवचिक पट्ट्या सरकवलेल्या असतात. व्हेल त्यांनी समुद्राचं पाणी गाळून आपलं भक्ष्य आत ठेवतो. ऊब लागली की त्या पट्ट्या अंगाचा आकार घेतात. आज त्या मिळणार नाहीत, मिळूही नयेत. हौशी लोकांना त्यावर उपाय सापडला तो इलेक्ट्रिकच्या दुकानात. वायरी बांधायचे जाड, रुंद केबल टाय कापून, टोकं घासून वापरले की काम चोख होतं. सीताबर्डीवर पाहिजे तेवढे मिळतात.

त्या बायकांच्या मुंगीसारख्या कमरेबद्दलही एक गैरसमज शिवणकामाने दूर होतो. कॉर्सेट आवळलेलं असे हे खरं, पण कंबर बारीक दिसे ती बरीचशी नजरबंदीने. खांद्याशी फुगीर बाही, नितंबांवर गादी, खाली घेर; मधली साधीसुधी कंबरही मग चिमूटभर भासते. १८५६ मध्ये पोलादी कड्यांच्या क्रिनोलिनचं पेटंट निघालं. त्याआधी घेर फुगवायला पाच-सहा जड परकर एकावर एक घालावे लागत. पोलादाच्या हलक्या पिंजऱ्याने ते ओझं उतरवलं, पाय मोकळे केले. आज आपल्याला जो पिंजरा वाटतो, तो तेव्हाच्या बाईला सुटका वाटला असेल.

याच साहेबी कपड्यांची पहिली हुबेहूब नक्कल करणारे कोण? आपलेच दर्जी. कामठीसारख्या छावण्यांत मडमांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात दर्जी मांडी घालून बसे. मडम जुना झगा किंवा विलायती मासिकातलं चित्र पुढे टाकी, आणि तो नुसत्या नजरेने, हातशिलाईने तसाच दुसरा उभा करी. त्या माणसांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. पण जुना नमुना पाहून, उसवून, तसाच पुन्हा शिवायचा हे आजच्या हौशींचं सगळं शास्त्र त्यांच्या बोटांत होतं. नागपुरी उन्हात त्यांनी काय काय शिवलं असेल! तेव्हाच्या डॉक्टरी समजुतीप्रमाणे पोटाला गार वारा लागून कॉलरा होतो म्हणून गोरे लोक कमरेला फ्लॅनेलचा पट्टा बांधत, तोही भर उन्हाळ्यात.

आणि आता सगळ्यात जवळची गोष्ट. विलायती फॅशन आपल्या घरांतही शिरली, पण आपल्या अटींवर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत पुढे गाठ मारायच्या खणाच्या चोळीशेजारी बाह्यांचं, गळाबंद पोलकं आलं. त्या काळातल्या बायकांचे फोटो नीट न्याहाळा. नऊवारी अस्सल आपलं, नेसण आपली, पण वर उंच गळपट्टी, मनगटाला झालर, पुढच्या भागावर बारीक चुण्या आणि खांद्याशी फुगा. विलायतेत फुग्याच्या बाहीने १८९५ च्या सुमारास कळस गाठला होता, तिचंच हे मराठी भावंड.

तो फुगा उभा कसा राहतो, हे एकदा तरी करून पाहावं. बाहीच्या वरच्या कडेला दोन समांतर धावदोरे घालायचे, ओढून चुण्या गोळा करायच्या आणि त्या मुंढ्यावर सगळीकडे सारख्या न वाटता खांद्याच्या टोकाशी दाटीने बसवायच्या. काखेकडचा भाग सपाट ठेवायचा. आत साध्या घट्ट बाहीचं अस्तर असतं. ते आपल्या जागी राहतं आणि बाहेरचं कापड त्याच्या आधाराने वर उठतं. अस्तर काढून टाकलं तर फुगा दुपारपर्यंत मान टाकतो. खालचा मुंढा? तो लहानच.

जुना काळ कपड्यांतून उभा करायच्या या विद्येचं शिखर गाठणारी बाई मराठीच होती. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये, जॉन मोलो यांच्यासह, ऑस्कर मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. ‘गांधी’ची कथा १८९३ च्या दक्षिण आफ्रिकेपासून सुरू होते, म्हणजे व्हिक्टोरियन काळाची अखेर, एडवर्डचा काळ आणि आपली खादी, सारं एका पडद्यावर. त्याच १८९३ सालात घडणाऱ्या ‘लगान’चे कपडेही त्यांचेच.

आपल्याकडे या अभ्यासातली मोठी अडचण एकच, जुने कपडे उरलेलेच नाहीत. जरीचं लुगडं विरलं की जरी जाळून चांदी काढली जाई. उरलेलं बोहारणीला देऊन त्याबदली भांडं घेतलं जाई. सुती लुगड्याची वाकळ होई, वाकळ फाटली की पोतेरं. राजघराण्यांचे शालू कुठेतरी काचेआड राहिले, पण साध्या घरातलं रोजचं पोलकं जवळजवळ नाहीसं झालं. रंगाचंही तेच. मध्य प्रांतात आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून लाल रंग काढत. १८६० च्या दशकाच्या शेवटी प्रयोगशाळेत अलिझारिन हा लाल रंग तयार करता आला आणि पुढे आलीचा धंदा बसला. त्यामुळे तेव्हाचा लाल नेमका कसा होता, हे सांगायला एखादी चिंधीसुद्धा मोलाची ठरते.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात पणजीची पेटी असेल, तर ती उघडा. एखादं पोलकं, झंपर, मुलाची कुंची, काहीही निघालं तरी आधी ते उलटं करून अस्तर आणि शिवणी पाहा. हातशिलाई आहे की मशीनची टीप, मार्जिन किती सोडलंय, मुंढा किती इंचांचा आहे, हे टेपने मोजून वहीत लिहा. आतून-बाहेरून फोटो काढा. धुवू नका, इस्त्री फिरवू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. धुऊन खळ काढलेल्या कोऱ्या मांजरपाटात सैल गुंडाळून ठेवा. जुनी वाकळ उसवायची वेळ आली, तर आतले थरही नीट पाहा, पणजीच्या लुगड्याचा काठ तिथे सापडू शकतो. मग गांधीबागेतून दोन मीटर मांजरपाट आणा आणि लिहून ठेवलेल्या मापांवर तेच पोलकं पुन्हा बेता.