माळावरच्या विद्यापीठाचे माप

एखादे प्रादेशिक विद्यापीठ किती वाढले हे सांगताना आपण विभाग, इमारती आणि मानांकने पुढे करतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला २०२१ मध्ये ‘नॅक’ने ए प्लस प्लस श्रेणी दिली, याचा दक्षिण महाराष्ट्राला अभिमान वाटणे साहजिक आहे. पण ज्या लोकांसाठी विद्यापीठ उभे राहिले, त्यांच्या आयुष्यातली किती अंतरे त्याने कमी केली आणि अडल्या वेळी त्याचे आवार त्यांच्या किती कामी आले, हे माप मला जास्त खरे वाटते.

शिकणाऱ्यांची या भागात वाण कधीच नव्हती. राजाराम कॉलेज १८८० पासूनचे, राजर्षी शाहूंनी वसतिगृहांची चळवळ उभी केली ती १९०१ पासून, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापली. वसतिगृहातून शिकून बाहेर पडणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला पदव्युत्तर शिक्षणासाठी मात्र बहुधा पुण्या-मुंबईचीच वाट धरावी लागे. तिथली खोली, तिथली खानावळ परवडणे हीच अनेकांची खरी प्रवेश परीक्षा असे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि इतिहाससंशोधक डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले. तेव्हा संलग्न महाविद्यालये ३४ होती आणि विद्यार्थी सुमारे १४ हजार. आज एकट्या कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांत हा पसारा कितीतरी पटींनी मोठा आहे. याच आवारात भाऊरावांच्या विचारातून आलेली ‘कमवा आणि शिका’ योजना चालते. विद्यार्थी काही तास विद्यापीठातच काम करतो आणि त्यावर त्याच्या राहण्या-शिकण्याचा भार हलका होतो. शाहूंच्या वसतिगृहांचा धागा इथवर येऊन पोचतो, आणि माझ्या दृष्टीने हीच या विद्यापीठाची सर्वांत मोलाची कमाई आहे.

शहर चहूबाजूंनी वाढत असताना विद्यापीठाने ८५३ एकर जागा अडवून ठेवावी का, असा प्रश्न विचारला जातो. जमिनीचे भाव पाहता तो गैर म्हणता येणार नाही. पण या माळाने काय केले तेही पाहावे. उतारावरून वाहून जाणारे पावसाचे पाणी तळ्यांत आणि विहिरींत अडवून विद्यापीठाने आपली पाण्याची गरज बरीचशी आवारातच भागवायला सुरुवात केली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेकाठची उपसा केंद्रे बुडाली, शहराचे नळ कोरडे पडले. तेव्हा याच माळावरचे पाणी शहरवासीयांच्या उपयोगी पडले. भूखंड पाडून विकलेल्या जमिनीने हे काम केले नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षा आणि निकाल यांतच विद्यापीठाची शक्ती खर्च होते, संशोधन मागे पडते, असे म्हटले जाते. हे बऱ्याच अंशी खरे आहे. २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले, पुढे साताऱ्यात समूह विद्यापीठ आले, महाविद्यालये स्वायत्त होऊ लागली. भार वाटला जातो आहे आणि तो आणखी वाटला जायला हवा. मात्र ‘स्थानिक’ विषयांत अडकले की विद्यापीठ खुजे होते, हा या आक्षेपाला जोडून येणारा सूर मला मुळीच पटत नाही. शिरोळ तालुक्यात उसाला बेसुमार पाणी देऊन क्षारपड झालेली जमीन, इचलकरंजीच्या कापड उद्योगाचे पंचगंगेत मिसळणारे सांडपाणी, कोल्हापूरच्या फौंड्रीतली तापलेली हवा आणि तिथल्या कामगाराची फुप्फुसे: यांतला प्रत्येक प्रश्न रसायनशास्त्राचा आहे, अर्थशास्त्राचा आहे आणि समाजशास्त्राचाही. त्यावर काम करणारी मुले त्याच गावांतून रोज एसटीने विद्यापीठात येतात. नमुना गोळा करायला कुठे जायचे हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.