सीमोल्लंघन आणि तुरुंग

दसऱ्याचे सीमोल्लंघन मराठी माणसाला शुभ वाटते. अमेरिकेची सीमा परवान्यावाचून ओलांडणाऱ्यास मात्र १९२९ पासून तुरुंग दाखविता येतो. त्या वर्षीच्या कायद्याने असा प्रवेश किरकोळ गुन्हा आणि हद्दपारीनंतरचा पुनःप्रवेश गंभीर गुन्हा ठरविला. आज पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, पुनःप्रवेशास सामान्यतः दोन वर्षांपर्यंत.

तथापि कित्येक दशके पकडलेल्या बहुतेकांना खटल्यावाचूनच परत पाठवीत. २००५ साली टेक्ससमधील डेल रिओ येथे ‘ऑपरेशन स्ट्रीमलाइन’ सुरू झाले आणि सरसकट खटल्यांचा प्रघात पडला. ॲरिझोनातील टूसॉन येथे दिवसाला सत्तर-सत्तर आरोपी बेड्यांसह न्यायाधीशापुढे उभे राहत. कबुली आणि शिक्षा एकाच बैठकीत उरकत असे. सामुदायिक कबुलीची ही रीत २००९ साली अपील न्यायालयाने नियमबाह्य ठरविली.

या धोरणाचे समर्थक म्हणतात, नुसता परत पाठविलेला मनुष्य दुसऱ्याच रात्री पुन्हा येतो. शिक्षेची नोंद त्याला विचार करावयास लावते. खटला चाललेल्यांत पुन्हा येणारे कमी, असा सीमादलाचा दावा होता. तो अगदीच पोकळ नव्हे. पण हिशेबात खोट होती. मोजणी आर्थिक वर्षापुरतीच असे, हे २०१५ च्या सरकारी तपासणीत दिसले. सप्टेंबरअखेर पकडलेला मनुष्य ऑक्टोबरात पुन्हा आला, तर तो ‘पुन्हा आलेला’ गणलाच जात नसे! एक गुण मात्र निर्विवाद आहे. फौजदारी आरोपीस सरकारी खर्चाने वकील मिळतो. हद्दपारीच्या चौकशीत तो हक्क नाही.

खर्चाची बाजू केवळ तुरुंगाच्या कोठड्यांची नाही. क्षुल्लक खटल्यांत गुंतलेला सरकारी वकील तस्करांच्या मागे लागू शकत नाही. शिवाय, जिवाच्या भयाने थेट आलेल्या व विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर होणाऱ्या निर्वासितास बेकायदा प्रवेशासाठी दंडू नये, असे १९५१ च्या निर्वासित कराराचे ३१ वे कलम सांगते. १९६८ पासून ते अमेरिकेवरही बंधनकारक आहे.

सर्वांत जबर किंमत २०१८ साली मोजली गेली. ‘शून्य सहिष्णुते’च्या धोरणाने आईबापांवरही खटले भरले, मुलांना कैदेत ठेवता येईना, म्हणून ती वेगळी काढली. २० जूनला अध्यक्षांनी ही ताटातूट थांबविण्याचा हुकूम काढला. २६ जूनला सॅन दिएगोच्या न्यायालयाने मुले परत देण्याची मुदत घातली. पण कोणते मूल कोणाचे, याची एकसंध नोंदच नव्हती, आणि शेकडो पालक तोवर मुलांवाचून मायदेशी धाडले गेले होते.