नाचता येईना, कॅलिबर वाकडं!

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा अडखळतं, सांभाळून घ्या!

सेकंड इयरला एन.सी.सी. कॅम्पमध्ये फायरिंग टीमचं सिलेक्शन होतं. माझं ग्रुपिंग भाकरीएवढं पसरलं आणि टीममधून नाव गेलं. "पॉइंट टू-टू म्हणजे खेळणं, मोठी रायफल असती तर दाखवलं असतं," मी पुटपुटलो. उस्ताद हसले, "पहले पढ़ के आ, इंजिनिअर!" मग काय, वाचलं.

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीचा आतला व्यास. .२२ म्हणजे साधारण ५.६ मि.मी. याच कॅलिबरवर कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये विश्वविजेत्या झाल्या आणि स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ जिंकलं. ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मि.मी.चं असतं! मॅचची गोळी मुद्दाम ध्वनीपेक्षा थोडी हळू सोडतात, कारण ध्वनीचा वेग ओलांडताना ती डगमगते.

पण हजार मीटरवर .२२ चं काम नाही. तिथे वारा आणि हवेचा विरोध हे खरे शत्रू. इथे आपलं मेकॅनिक्स कामाला येतं. गोळीचं वजन भागिले व्यासाचा वर्ग, म्हणजे सेक्शनल डेन्सिटी. ती जास्त आणि आकार निमुळता, तर वेग टिकतो. नेहमीच्या वजनाच्या गोळ्या घेऊन गणित केलं (ग्रॅम प्रति चौरस मि.मी.):

.३०८ विंचेस्टर : ११.३ ग्रॅम, ७.८२ मि.मी. – ०.१८५
६.५ क्रीडमूर : ९.१ ग्रॅम, ६.७१ मि.मी. – ०.२०२
.३३८ लापुआ मॅग्नम : १६.२ ग्रॅम, ८.५९ मि.मी. – ०.२२०

गंमत बघा, ६.५ ची गोळी .३०८ पेक्षा बारीक आणि हलकी, तरी आकडा मोठा! .३०८ ची गोळी हजार मीटरच्या आसपास ध्वनीच्या वेगापाशी येते, ६.५ ची त्यापुढेही टिकते, वाऱ्याने कमी सरकते आणि खांद्याला धक्काही कमी देते. .३३८ सर्वांत लांब जाते, पण धक्का जबर आणि काडतूस महाग.

म्हणजे मोठं ते चांगलं असं नाही. अंतर किती, वारा किती, खांदा किती सोसेल, यावर कॅलिबर ठरतं.

आणि माझं काय? दोष रायफलीचा नव्हताच. ट्रिगर मीच झटक्याने ओढत होतो. हे उस्तादांना जाऊन सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कल सुबह पाँच बजे."

यंदा पुन्हा सिलेक्शन आहे. रायफल तीच, .२२!