गरोदरपणात स्वादुपिंडाचा ओव्हरटाइम

गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आईच्या शरीरावरचा इन्सुलिनचा प्रभाव जवळपास निम्म्यावर येतो. हा बिघाड नव्हे, बाळाची सोय आहे: वारेतल्या संप्रेरकांमुळे आईच्या पेशी साखर कमी उचलतात, ती बाळाला मिळते. मग आईची साखर भडकत का नाही? कारण स्वादुपिंडातल्या बीटा पेशी दुपटीच्या आसपास इन्सुलिन सोडू लागतात.

उंदरांमध्ये हे कोडं बरंच उलगडलंय. प्रोलॅक्टिन आणि वारेतलं लॅक्टोजेन यांचा इशारा मिळाला की विभाजनाला लगाम घालणारं मेनिन हे प्रथिन घटतं. आणि गंमत म्हणजे बीटा पेशी चक्क सेरोटोनिन बनवू लागतात! एरवी मनःस्थितीशी जोडलं जाणारं हे रसायन इथे पेशींना वाढायला सांगतं. २०१० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी हे दाखवलं.

माणसांत चित्र वेगळं. शवविच्छेदनातल्या नमुन्यांत बीटा पेशी साधारण १.४ पटच वाढलेल्या दिसल्या, त्याही बहुधा नव्या छोट्या पुंजक्यांमुळे. नमुने मोजके, त्यामुळे वाद आहेच.

ही वाढ कमी पडली की गर्भावस्थेतला मधुमेह. म्हणूनच भारतात गरोदर बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात; साखर १४० किंवा वर आली, तर आधी आहार सांभाळायचा, गरज पडल्यास औषध.