त्वचादान: देह विद्रूप होतो का?

मैत्रिणींनो, नेत्रदान आपल्या भाईंदरच्या चाळींतही आता माहीत झालंय. त्वचादानाचं नाव काढलं की मात्र बायका अंग चोरतात. आम्हाला विचारतात, देह विद्रूप दिसेल का? नाही. मांड्या, पाय, पाठ इथला कागदासारखा पातळ थर तेवढा काढतात. रक्त वाहत नाही. वर पट्टी बांधून लुगडं नेसवलं की कळतही नाही.

बाई खूप भाजली की तिची स्वतःची त्वचा झाकायला पुरत नाही. अंगातलं पाणी झिरपतं, जंतू शिरतात. तिथे ही परकी त्वचा पांघरूण होते. ती कायमची चिकटत नाही, काही आठवड्यांत गळते. पण तेवढ्यात जीव सावरतो आणि डॉक्टर तिचीच त्वचा थोडी थोडी लावत जातात. रक्तगट जुळावा लागत नाही.

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे. ग्लिसरॉलमध्ये त्वचा ५ वर्षांपर्यंत टिकते. आधी अर्ज भरलेला नसला तरी घरच्यांची संमती चालते. मृत्यूनंतर ६ तासांच्या आत त्वचा घ्यावी लागते, पथक घरी येतं. घोडबंदर रोडची कोंडी आपल्याला ठाऊक आहेच, तेव्हा फोन लगेच करायचा.